शेततळ्यावर रात्री गळ टाकताना : पंगस, मांगूर आणि शिंगीसाठी सविस्तर मार्गदर्शन

रात्री शेततळ्यावर मासा लागणार की नाही, हे बहुतेक वेळा संध्याकाळी साडेपाच वाजताच ठरून गेलेले असते. अंधार पडल्यावर पोहोचणारा, बॅटरी दातांत धरून गळाच्या छिद्रात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवणारा आणि तळ्याची खोली अंदाजाने ठरवणारा माणूस अर्धी रात्र गुंता सोडवण्यात घालवतो. ज्याने उजेड असताना तळे पाहून घेतले आहे, त्याला अंधारात फार काही करावेच लागत नाही. त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग दिवसाच्या कामांविषयी आहे. डोळ्यांसमोर आहेत ती पुणे जिल्ह्यातील, विशेषतः हवेली, दौंड, पुरंदर, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यातील शेततळी व लहान गावतळी.

तळ्यात नेमके कोण आहे

पंगस, मांगूर, शिंगी यांसारख्या मिशा असलेल्या माशांच्या रात्रीच्या मासेमारीवर इंटरनेटवर जे सापडते, ते बहुतांशी अमेरिकेतील चॅनेल कॅटफिशविषयी असते. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिकडच्या शेततळ्यांत तो लाखोंनी वाढवला जातो आणि गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या चॅनेल कॅटफिशची नोंद 1964 साली दक्षिण कॅरोलायना राज्यात झाली, वजन 58 पौंड, म्हणजे सव्वीस किलोंहून थोडे अधिक. आपल्या तळ्यांत तो नाही. त्याच्या गटातील इतर मासे मात्र आहेत आणि त्यांची ज्ञानेंद्रिये त्याच धाटणीची असल्यामुळे तिकडच्या युक्त्यांपैकी निम्म्या इथे चालतात. उरलेल्या निम्म्या चालत नाहीत, कारण आपली तळी वेगळी, आपल्या तळ्यांतील पाणी वेगळे आणि मासाही वेगळ्या सवयीचा.

मत्स्यशेतीच्या शेततळ्यांत सर्वाधिक आढळतो तो पंगस. तो थव्याने फिरतो, पाण्याच्या मधल्या थरातही वावरतो आणि रोजच्या गोळी खाद्याला सरावलेला असतो. जुन्या, चिखलाचा तळ असलेल्या गावतळ्यांत शिंगी आणि देशी मांगूर मिळतात. नदीचे किंवा कालव्याचे पाणी येत असलेल्या ठिकाणी शिंगटाही येतो. ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखला जाणारा मासा प्रत्यक्षात आफ्रिकेतला असून तो इतर मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या संवर्धनावर आपल्या देशात 2000 सालापासून बंदी आहे. असा मासा गळाला लागला तर तो नदीत, ओढ्यात किंवा दुसऱ्या तळ्यात कदापि सोडू नये. हाच नियम पंगसालाही लावावा, कारण तोही परदेशी आहे.

या सर्व माशांना खवले नसतात. कातडी उघडी असते आणि त्या कातडीवर, विशेषतः मिशांवर, चव ओळखणाऱ्या कळ्या पसरलेल्या असतात. चॅनेल कॅटफिशच्या अंगावर अशा कळ्या लाखाहून अधिक असतात. म्हणजे हा मासा अख्ख्या अंगाने चव घेतो आणि म्हणूनच गढूळ पाण्यात, काळोखात, त्याला अन्न सापडते. त्याचे ऐकणेही तीक्ष्ण असते, कारण या गटात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणाऱ्या लहान हाडांची साखळी असते. बांधावर आपटलेला पाय किंवा बादलीचा आवाज पाण्यात पोहोचतो. यावरून दोन गोष्टी थेट निघतात. आमिषाला चव हवी, चमक नको. आणि आमिष हाताळणाऱ्या हाताला डासांच्या मलमाचा, तंबाखूचा किंवा पेट्रोलचा वास नसावा. मलम दुसऱ्याकडून लावून घ्यावे किंवा मनगटाच्या वरच थांबावे. त्यानंतर हात राखेने किंवा तळ्यातल्याच चिखलाने चोळून धुवावेत.

परवानगी

शेततळे कोणाच्या तरी मालकीचे असते आणि त्यातील प्रत्येक पंगस त्याने बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, म्हणून विकत घेऊन खाद्यावर वाढवलेला असतो. मालकाला आधी भेटावे, किती मासे नेणार आणि किलोला काय देणार हे स्पष्ट ठरवावे. खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी, चासकमान किंवा उजनी यांसारख्या जलाशयांचा प्रकार वेगळा आहे. तिथे मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने किंवा मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिलेले असतात आणि काठाची जमीनही सहसा सरकारी खात्याची, मुळशीला टाटा कंपनीची असते. त्यामुळे तिथे रात्री बसण्यापूर्वी संबंधितांना विचारणे बंधनकारकच समजावे. वाघोली-मोशीकडच्या दगडखाणींत साचलेल्या पाण्यावर रात्री जाऊच नये. तिथे काठ उभा तुटलेला असतो आणि एक पाऊल चुकले की खाली थेट खोल पाणी असते.

मालकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा : खाद्य कुठे आणि किती वाजता टाकता? बाकीच्या सर्व माहितीपेक्षा हे उत्तर मोलाचे असते. पंगस खाद्याच्या वेळेला घड्याळासारखा जमतो आणि खाद्याच्या कोपऱ्याजवळ रात्रीही घुटमळतो. मालकाने त्या दिवशी संध्याकाळचे खाद्य थोडे कमी टाकले तर फार बरे, पण ते आपण मागायचे नाही, त्याने आपणहून सुचवले तर घ्यायचे.

हंगाम आणि घटका

पुण्याच्या हवेत मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंतचा काळ आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन हंगाम चांगले. पाण्याचे तापमान 26 ते 30 अंशांच्या दरम्यान असताना हे मासे भरपूर खातात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तळ्याचे पाणी वीस अंशांच्या आसपास येते आणि पंगस जवळजवळ तोंडच उघडत नाही. त्या महिन्यांत घरी बसून गळांना तेल लावावे. काठावर बसून कुडकुडण्याने काही हाती लागत नाही, हे मी दोन हिवाळे वाया घालवून शिकलो.

मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि सव्वासात ते साडेदहा हा वेळ सर्वांत चांगला जातो. मासा त्या वेळी खोल भागातून उथळ उतारावर येतो. मध्यरात्रीनंतर वेग मंदावतो. नदीवर बसणारे लोक पहाटेची वाट पाहतात, पण शेततळ्यात पहाटेचा भरवसा कमी. कारण हिरव्यागार तळ्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या थोडे आधी सर्वांत कमी असतो आणि माशाची भूक त्या वेळी मेलेली असते.

याच कारणासाठी एक खूण ओळखायला शिकावे. पंगस, मांगूर आणि शिंगी हे हवाही घेऊ शकतात. ते मधूनमधून वर येतात, ‘गुळुक’ असा आवाज होतो आणि पाण्यावर वर्तुळ उमटते. ही चांगली खूण आहे, कारण त्यावरून थवा कुठे आहे हे अंधारात कळते. परंतु रोहू आणि कटला पृष्ठभागावर तोंड काढून सलग हवा चावताना दिसले, तर पाण्यातील प्राणवायू संपत आला आहे असे समजावे. अशा वेळी गळ तात्काळ गुंडाळून मालकाला उठवावे आणि त्याला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, लावायला किंवा पंपाने पाणी उडवायला सांगावे. त्या रात्री मासा मिळाला नाही तरी त्या तळ्यावर पुढच्या वेळी चहा मिळतो.

अमावास्येला मासा जास्त लागतो, असे जुने गळकरी ठामपणे सांगतात. स्वच्छ पाण्याच्या तलावात त्यात तथ्य असावे. हिरव्या-गढूळ शेततळ्यात वीतभर खालीच काळोख असतो, तेव्हा चंद्राचा विचार मी फक्त चालताना वाट दिसेल की नाही एवढ्यापुरता करतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र मात्र चुकवू नये. अट एकच, आकाशात वीज चमकत नसावी.

दिवसाउजेडीची पाहणी

साडेपाचला पोहोचल्यावर सामान न काढता आधी बांधावरून एक पूर्ण फेरी मारावी. पाणी आत सोडणारा पाइप, खाद्याचा कोपरा, काठावरचे विजेचे खांब, वरून जाणाऱ्या तारा, पंपाची पेटी आणि जमिनीवर पडलेल्या केबली या सर्वांची जागा लक्षात ठेवावी. नंतर दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठी मारून, टोकाला वाळूची कापडी पिशवी बांधून खोली पाहावी. शेततळी बहुधा तीन मीटरच्या आसपास खोल असतात आणि चारही बाजूंनी उतरती असतात. नवशिका माणूस मधोमध, सर्वांत खोल जागी गळ टाकतो. उन्हाळ्यात ही चूक ठरते, कारण वरचे पाणी तापून हलके होते, खालच्या थंड पाण्यात ते मिसळत नाही आणि तळाशी प्राणवायू उरत नाही. मासा उताराच्या मध्यावर, साधारण एक ते दीड मीटर पाण्यात, असतो. गळ तिथेच हवा.

वाऱ्याचाही हिशेब करावा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुण्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि पाण्यावर तरंगणारे खाद्य, किडे, पालापाचोळा सगळे पूर्वेच्या काठाला लोटतो. वारा तोंडावर घेऊन पूर्वेच्या बांधावर बसणे सुखाचे नसते, मासा मात्र त्याच बाजूला असतो. खाद्याचा कोपरा आणि पूर्वेचा काठ एकच निघाला तर दुसरी जागा शोधण्याचे कारण नाही.

जागा ठरली की उजेडातच तिथे दोन-तीनदा शिसे फेकून पाहावे. शिसे हव्या त्या जागी पडले की रीलजवळच्या तंगुसावर शिवणाच्या जाड दोऱ्याची एक छोटी गाठ घट्ट बांधावी. रात्री गळ थोडा पुढे फेकून, गाठ बोटाला लागेपर्यंत तंगूस गुंडाळला की आमिष त्याच जागी येते. दिशेसाठी पलीकडच्या बांधावरचे एखादे झाड किंवा घराचा दिवा धरावा. दिवा धरताना तो रात्रभर जळणारा आहे ना, हे विचारून घ्यावे. एकदा मी ज्या दिव्यावर नेम धरला होता, तो साडेआठला विजेबरोबर गेला.

सामान

सात ते आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, 4000 आकाराचे स्पिनिंग रील आणि आठ किलो ताकदीचा तंगूस एवढ्यावर दोन-तीन किलोंपर्यंतचा पंगस आरामात निघतो. शक्यतो दोनच रॉड ठेवावेत. तिसरा रॉड रात्री फक्त गुंता वाढवतो. मांडणी सोपी असावी : मुख्य तंगुसात भोक असलेले सरकते शिसे, त्यानंतर एक मणी, मग स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याला वीतभर ते दीड वीत जाड तंगुसाचा तुकडा आणि टोकाला गळ. शिसे सरकते असल्याने मासा आमिष घेऊन चालू लागला की त्याला वजन जाणवत नाही. शिसे वीस ते तीस ग्रॅमचे पुरते, कारण तळ्यात प्रवाह नसतो.

गळ सर्कल प्रकारचा घ्यावा, म्हणजे ज्याचे टोक आत दांडीकडे वळलेले असते. पंगसासाठी 1/0 किंवा 2/0 आकाराचा, शिंगी-मांगुरासाठी त्याहून लहान. अंधारात माशाने आमिष कधी गिळले हे आपल्याला दिसत नाही आणि साधा गळ पोटात जातो; सर्कल गळ बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मासा सोडायचा असो वा ठेवायचा, गळ काढण्याचे काम त्यामुळे पक्कडीने दोन क्षणांत होते.

गाठ पालोमार मारावी, कारण ती डोळे मिटून मारता येते. तंगूस दुमडून गळाच्या छिद्रातून ओवावा, दुमडलेल्या भागाची सैल साधी गाठ मारावी, उरलेल्या फासातून संपूर्ण गळ बाहेर काढावा, थुंकीने ओले करून आवळावे. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस कमकुवत होतो. ही गाठ घरी दिवा बंद करून वीस वेळा मारावी. तरीसुद्धा तळ्यावर ती मारण्याची वेळ येऊ नये म्हणून गळ बांधलेले आठ-दहा तुकडे तयार करून जुन्या स्लिपरच्या रबरी तळव्याभोवती गुंडाळून न्यावेत.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर तंगूस सुटू देणारी पकड, नीट बसवण्याची एक घरगुती रीत आहे. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली तंगुसाला बांधावी, रॉड वर उचलावा आणि बाटली जमिनीवरून जेमतेम उठता उठता रील सुटू लागेल इतपत चकती पिळावी. आठ किलोंच्या तंगुसाला दोन किलोंचा ड्रॅग पुरे. माझा पहिला चांगला रॉड यवतजवळच्या एका तळ्यात गेला, तो ड्रॅग आवळून ठेवल्यामुळे. घुंगरू एकदाच वाजले. मी वळेपर्यंत बेचकी रिकामी होती आणि पाण्यावर रॉडची मूठ तरंगत, मग तिरकी होऊन, शांतपणे खाली गेली.

इशाऱ्यासाठी महागडे विजेचे यंत्र लागत नाही. बैलाच्या माळेतले एक लहान घुंगरू कपडे वाळत घालायच्या चिमट्याला बांधून रॉडच्या टोकाला लावले की काम होते. रॉड टेकवण्यासाठी बाभळीची बेचकी उत्तम, पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यावर ती बांधाच्या बाहेरच्या मातीतच रोवावी. प्लास्टिकला पडलेले एक भोक म्हणजे मालकाच्या उन्हाळ्याचे पाणी. तशा तळ्यात आमिष तळावर न ठेवता पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली, तळापासून वीतभर वर तरंगते ठेवावे, म्हणजे गळ प्लास्टिकमध्ये अडकत नाही. बुचावर रात्री दिसणारी चमकती कांडी लावावी. गळ अडकलाच तर झटके न देता तंगूस कापून टाकावा.

याशिवाय लांब दांड्याची जाळी, लांब तोंडाची पक्कड, कपाळावर बांधायची बॅटरी, ओला टॉवेल, गरम पाण्याचा थर्मास आणि पंधरा मीटर जाड दोर लागतो. थर्मास आणि दोर कशासाठी, ते पुढे येईल.

आमिष

पंगसासाठी खाद्याच्या चवीचा गोळाच सर्वांत खात्रीचा. दोन वाट्या बारीक कुटलेली शेंगदाण्याची पेंड, एक वाटी कणीक आणि मूठभर त्याच तळ्यावरच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून, त्यात थोडा पिंजलेला कापूस मिसळावा आणि तळ्याच्याच पाण्याने पुरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट मळावे. कापूस हे या कृतीतले मर्म आहे, कारण त्याच्या धाग्यांमुळे गोळा पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे गळावर टिकतो. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून मग लिंबाएवढे गोळे करावेत. गळाचे टोक बाहेर उघडे राहिले पाहिजे, नाहीतर सर्कल गळ रुतत नाही. हिंग, बडीशेप, व्हॅनिला यांवर गळकऱ्यांचे घराण्यांइतके मतभेद आहेत. माझ्या अनुभवात त्याच तळ्यावरचे खाद्य या सर्वांवर मात करते.

शिंगी आणि मांगुराला मांसाहारी आमिष आवडते. शेणखताच्या उकिरड्यातली गांडुळे दोन-तीन एकत्र ओवावीत. कोंबडीची कलेजी चांगली चालते, पण उष्ण रात्री ती मऊ पडून फेकतानाच सुटते. आदल्या दिवशी मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवली तर ती चिवट होते आणि शिवणाच्या दोऱ्याने गळाला तीन-चार वेढे दिले की सुटत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवावे, एवढेच.

जागेवर चारा टाकायचा असल्यास तो मूठभरच. सात वाजता एक मूठ, नंतर तासाने आणखी एक. शेततळ्यातला मासा आधीच पोसलेला असतो. जास्त टाकले तर तो आपले आमिष सोडून तेच खातो आणि न खाल्लेला चारा कुजून पाणी बिघडते.

वाट पाहणे, ओढणे, बाहेर घेणे

गळ पडल्यावर तंगूस ताठ करून रॉड बेचकीत ठेवावा आणि बॅटरी बंद करावी. पाण्यावर उजेड फिरवत राहिले की काठाजवळ आलेला मासा परत फिरतो. आमिष बदलताना बॅटरी लाल उजेडावर ठेवून पाण्याकडे पाठ करावी. वीस मिनिटांत काहीच झाले नाही तर आमिष बदलावे आणि दोन आमिषांनंतरही शांतता असेल तर उताराला धरून दोन मीटर उथळ बाजूला यावे. खोल बाजूला जाण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पंगसाचा चावा ओळखणे कानाचे काम आहे. आधी घुंगरू अगदी हलके, एखादी मांजर मान खाजवते तसे, दोनदा किणकिणते. त्या वेळी रॉडला हात लावू नये. मग क्षणभर काहीच नाही. नंतर टोक सावकाश पाण्याकडे वाकते, घुंगरू सलग वाजू लागते आणि रील किर्र करते. आता रॉड उचलावा, झटका न देता तंगूस गुंडाळत जावे, गळ आपोआप रुततो. वर्षानुवर्षे झटका देण्याची सवय झालेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते. शिंगी वेगळी वागते : ती टकटक करत राहते, गांडूळ कुरतडते, आणि टोक पूर्ण वाकेपर्यंत थांबणाऱ्याच्याच हाती लागते.

पंगस पहिल्या धावेत दहा-पंधरा मीटर तंगूस नेतो. नेऊ द्यावा. रॉड उभा धरावा, मासा थांबला की रॉडने ओढून घ्यावा, रॉड खाली नेताना गुंडाळावे. काठाजवळ येऊन बॅटरीचा उजेड पाहिल्यावर तो हमखास दुसरी धाव मारतो आणि बहुतेक मासे तिथेच सुटतात. म्हणून जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि मासा जाळीवर आणावा, जाळी माशावर नेऊ नये. प्लास्टिकच्या तळ्यात उतारावर पाय ठेवून जाळी लावण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

काटे

या माशांच्या कल्ल्यांमागच्या दोन्ही परांना ताठ, धारदार काटे असतात; पंगस आणि शिंगटा यांच्या पाठीवरच्या परालाही तसाच काटा असतो. शिंगीचे काटे विषारी असतात. माशावर ओला टॉवेल टाकून, तळहात पोटाकडून आणून, अंगठा आणि तर्जनी बाजूच्या काट्यांच्या मागे अडकतील अशी पकड घ्यावी. काटे मग पुढे उघडतात, पण हाताकडे येत नाहीत. लहान शिंगी हातात घेऊच नये, ती मोठीपेक्षा जास्त टोचते. जाळीतच पक्कडीने गळ काढावा.

मला शिंगीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी लागला तेव्हा रक्त थेंबभर होते आणि कळ खांद्यापर्यंत. बरोबर आलेल्या काकांनी चहासाठी आणलेले गरम पाणी वाटीत ओतून त्यात हात धरायला लावला आणि दहा मिनिटांत कळ उतरू लागली. ही आजीबाईंची समजूत नाही. या विषाचा जोर उष्णतेने मोडतो. सोसवेल इतके गरम, 45 अंशांपर्यंतचे पाणी घ्यावे, ते दुसऱ्या हाताने तपासावे, कारण दुखऱ्या हाताला भाजलेले कळत नाही. जखम त्यात अर्धा ते दीड तास ठेवावी, पाणी बदलत राहावे. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वाढत असेल किंवा श्वास जड होत असेल तर सरळ दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले आहे ना, हेही पाहावे.

स्वतः सुखरूप परतण्यासाठी

प्लास्टिकचे अस्तर शेवाळाने इतके निसरडे होते की उत्तम पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. दोराचे एक टोक बांधाबाहेरच्या झाडाला किंवा पक्क्या खुंटाला बांधावे, दोराला हातभर अंतरावर गाठी माराव्यात आणि तो पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. हवा भरलेली टायरची ट्यूब जवळ असावी. कोणी पडलेच तर दोर किंवा ट्यूब फेकावी. मागोमाग उडी मारली तर आत दोघे अडकतात. एकट्याने बसू नये आणि पिऊन तर अजिबात बसू नये.

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. तारांखाली रॉड उभा करू नये आणि आकाशात गडगड सुरू होताच रॉड आडवे ठेवून गाडीत जाऊन बसावे. शेतीची वीज अनेकदा रात्रीच येते, त्यामुळे संध्याकाळी निर्जीव वाटलेली केबल दहा वाजता जिवंत असते.

पाण्याजवळ बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. मण्यार रात्रीच फिरते आणि घोणस बांधाच्या गवतात पडून असते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नये, सामानाच्या पिशवीत हात घालण्याआधी उजेड टाकावा. दंश झाला तर कापणे, चोखणे, आवळणे यांपैकी काहीही न करता 108 वर फोन करून रुग्णालयात जावे.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत उसात बिबट्यांचा वावर आहे. तिथल्या उसाला लागून असलेल्या तळ्यावर रात्री बसण्याचा सल्ला मी देणार नाही. मालक बरोबर असला तरी उसाकडे पाठ करून, वाकून किंवा उकिडवे बसू नये, आणि माशांची आतडी तिथेच टाकून बिबट्याला किंवा त्याच्या भक्ष्याला, म्हणजे कुत्र्यांना, आमंत्रण देऊ नये. गळ टाकण्याचा हट्टच असेल तर तिथे तो दिवसा पुरवावा.

मासा घरी नेताना

ठेवायचा मासा लगेच मारून बर्फात घालावा. पोत्यात तडफडत ठेवलेल्या पंगसाचे मांस मऊ पडते आणि उन्हाळ्याच्या रात्री तीन तासांत वास धरते. हिरव्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो, तो पाण्यातील सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या पदार्थामुळे येतो आणि तो प्रामुख्याने कातडी, चरबी आणि कडेच्या गडद मांसात साठतो. म्हणून बुळबुळीतपणा राखेने किंवा जाड मिठाने खरडून काढावा, कातडी सोलावी, पोटाकडची पिवळट चरबी आणि कडेची लालसर पट्टी कापून टाकावी, तुकडे चिंचेच्या कोळात आणि मिठात अर्धा तास ठेवून धुवावेत आणि मगच हळद-तिखट लावावे. आंबटपणाने तो वास पुष्कळ कमी होतो. शहरातल्या सांडपाणी मिसळणाऱ्या तलावांतला मासा मात्र कितीही चिंच लावली तरी खाऊ नये.

निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण उजेडावर करून बसल्या जागेची पाहणी करावी. तंगुसाचा हातभर तुकडा बगळ्याच्या पायात अडकतो आणि पडलेला गळ सकाळी पाणी पाजायला आणलेल्या म्हशीच्या खुरात. नेलेल्या गळांची संख्या मोजून परत जुळवावी. मालक झोपलेला असेल तर मासे किती आणि अंदाजे किती किलो, हे कागदावर लिहून पैशांसह ठरलेल्या जागी ठेवावे. सुटलेला सगळ्यांत मोठा मासा त्यात धरू नये.